चित्रांच्या खडकासमोर कसं उभं राहावं

भोपाळजवळच्या भीमबेटकाला प्राचीन माणसानं खडकांच्या आडोशाला काढलेली चित्रं आहेत. इंदूरहून ती बघायला जाणारी बहुतेक मंडळी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघतात. देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर करत भोपाळ, तिथून नर्मदापुरमच्या रस्त्यानं ओबेदुल्लागंज ओलांडून डोंगरावर. जाऊन-येऊन सगळा दिवस जातो, आणि प्रत्यक्ष चित्रांसमोर मात्र तासभरसुद्धा कोणी थांबत नाही. "हे हरीण, हा हत्ती, चला." मला याचं फार वाईट वाटतं. मी इंदूरच्या रामबागेत मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते आणि मुलांना, त्यांच्या आईवडिलांना घेऊन तिथे जात असते. काय केलं की ती चित्रं नीट दिसू लागतात, ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. "या चित्राचा अर्थ काय?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा की हे कसं काढलं, कुठल्या क्रमानं काढलं, आणि काय काढायचं सोडून दिलं. काढणाऱ्यानं काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे अर्थाबद्दल आपण अंदाजच करणार. पण त्यानं किंवा तिनं घेतलेले निर्णय अजून खडकावर आहेत. माणूस आपल्यासारखा विचार कधीपासून करू लागला, या मोठ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर हे निर्णय बघायला शिकावं लागतं.

घरी गेरू वाटा

निघण्याच्या आदल्या रविवारी हे करा. मुलं असतील तर त्यांच्याकडूनच करून घ्या.

बाजारातून गेरूचे खडे आणा, तयार पावडर नको. माळव्यात हे अवघड नाही. दिवाळीत अंगणात मांडणे घालायला गेरू आणि खडिया लागतेच, आणि भीमबेटकाला जे दोन रंग सगळ्यात जास्त दिसतात ते हेच, तांबडा आणि पांढरा. तांबडा म्हणजे लोहाचा ऑक्साइड. थोडे हिरवे आणि पिवळेही आहेत, पण ते शोधावे लागतात. खडा दगडावर घासा, मग बत्त्यानं कुटा (स्वयंपाकाचा खलबत्ता घेऊ नका, डाग जात नाही). बारीक पूड व्हायला किती वेळ लागतो ते मुलांना अनुभवू द्या. हात दुखले पाहिजेत.

मग तीन वाट्या घ्या. एकीत पूड आणि नुसतं पाणी, दुसरीत डिंकाचं पाणी, तिसरीत थोडं कोमट तूप. वाळूच्या दगडाच्या फरशीचा एखादा तुटका तुकडा मिळवा आणि त्यावर रेघा ओढा. आधी बोटानं, मग कडुलिंबाच्या दातूननं, टोक चावून त्याचा कुंचला करून. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या रेघांवरून अंगठा फिरवा. पाण्याची रेघ हाताला येते, डिंकाची बऱ्यापैकी धरून राहते, तुपाची दगडात मुरते आणि कडेनं थोडी पसरते.

आता रेघांकडे जवळून बघा. बोटानं ओढलेली रेघ मधे फिकी आणि दोन्ही कडांना गडद होते, कारण दाबानं रंग बाजूला सरकतो. दातूनची रेघ सुरुवातीला भरलेली असते आणि काही बोटांच्या अंतरात कोरडी पडून दोर्‍यांसारखी फाटते. तिथे पुन्हा बुडवावं लागतं आणि जोडावर छोटा फुगवटा येतो. वाघाच्या पाठीची लांब रेघ एका दमात येत नाही, हे हाताला एकदा कळलं की खडकावरच्या पाठीकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघता. कुठून सुरुवात केली असेल? हात कुठे थांबला?

या उद्योगामागे किती आधीपासूनचं ठरवणं असतं, तेही लक्षात येतं. दगड ओळखायचा, कुठून तरी आणायचा, कुटायचा, त्यात काय मिसळायचं ते माहीत असायला हवं, भांडं हवं, आणि हे सगळं चित्र काढायच्या आधी. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लोंबोस नावाची गुहा आहे. तिथे सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचं रंगाचं साहित्य सापडलं. मोठ्या शिंपल्यांत गेरूची पूड, कुटलेलं हाड, कोळसा, आणि सोबत वाटायचे दगड. म्हणजे कोणीतरी आधी विचार करून, टप्प्याटप्प्यानं, एक गोष्ट तयार करत होतं. मुलांचे हात गेरूनं माखलेले असतानाच मी त्यांना हे सांगते. तेव्हा ते पुस्तकातलं राहत नाही.

आधी डोंगर बघा, मग चित्र

इंदूरच्या आसपासचा आपला खडक काळा बेसाल्ट आहे. भीमबेटकाचा विंध्याचा वालुकाश्म. वाऱ्यापावसानं तो खालून झिजतो, वरचा भाग छज्जासारखा पुढे राहतो आणि आपोआप आडोसा तयार होतो. रंग धरून ठेवायलाही असा खरबरीत पृष्ठभाग चांगला. म्हणून गाडीतून उतरल्यावर धावत पहिल्या फलकाकडे जाऊ नका. थोडं लांब उभे राहून डोंगराचा आकार बघा.

ही जागा जगापुढे आलीच मुळी अशा बघण्यामुळे. आपल्या उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर, नीमचला १९१९ साली जन्मलेले, स्वतः चित्रकार. १९५७ साली रेल्वेनं भोपाळकडे येताना त्यांना खिडकीतून हे खडक दिसले. युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांच्या खडकांसारखा त्यांचा आकार वाटला आणि ते शोधायला गेले. त्यांनी चित्र पाहिलं नव्हतं, खडक पाहिला होता. पुढे इथे सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे खडकांचे निवारे, नोंदले गेले, त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी चित्रं आहेत. २००३ साली युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा ठरवला. आपल्याला पायवाटेवरून दिसतात ते त्यांतले पंधराएक.

प्रत्येक निवाऱ्यासमोर मी मुलांना आधी पाठ चित्राकडे करून उभं करते. समोर काय दिसतं? खालचं रान किती लांबवर दिसतं? पाऊस कुठून आत येईल, चूल कुठे मांडाल, म्हातारी माणसं कुठे बसतील? मग वळायचं. चित्रं कुठल्या भिंतीवर आहेत आणि कुठल्या भिंती चांगल्या असूनही मोकळ्या सोडल्या आहेत, हे आता दिसतं. काही चित्रं हात पोचणार नाही इतकी उंच आहेत. तिथे काढण्यासाठी कोणीतरी काहीतरी उभारलं, किंवा कोणाच्या खांद्यावर कोणी चढलं. म्हणजे निदान त्या चित्राला दोन माणसं लागली असणार, आणि त्यांनी आधी एकमेकांशी बोलून ठरवलं असणार.

डोळ्यांना वेळ द्या

सकाळी लवकर पोचा. दुपारच्या उन्हातून आडोशाखाली आलं की पहिली काही मिनिटं नुसता करडा खडक दिसतो. तेव्हाच लोक "इथे काही नाही" म्हणून पुढे जातात. थांबा. फोन खिशात ठेवा. आधी पांढरं दिसेल, मग गडद तांबडं, आणि सगळ्यात शेवटी ते फिकं तांबडं, जे खडकाच्याच रंगात मिसळून गेलेलं असतं. खरी गंमत त्या शेवटच्यात असते.

साधी दुर्बीण असेल तर न्या, पक्षी बघायची चालते. जवळ जायचा मोह तिच्यामुळे आवरतो. चित्राला हात लावायचा नाही, कधीच नाही. बोटांचं तेल आणि घाम त्या रंगावर राहतो. चित्र उठून दिसावं म्हणून पाणी मारायची एक घाणेरडी सवय पूर्वी अनेक ठिकाणी होती. पाण्यानं क्षार वर येतात आणि पांढरा थर धरतो. कोणी बाटली उघडताना दिसलं तर ओळख नसली तरी अडवा. फ्लॅश बंद. मुलांच्या हातात खडू, पेन्सिल काही असेल तर ती वहीपुरती.

आणखी एक, ते गमतीचं नाही. सभागृह गुहेच्या परिसरात, उंच कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, आरडाओरडा करू नका, आणि आवाज घुमतो का बघायला मुलांना ओरडू देऊ नका. या मोहोळांची एक सत्यकथा मी प्रत्येक गटाला सांगते. २०२१ साली याच गुहेत डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा, पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा ठसा मिळाल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. जगभर बातमी झाली. नंतर दुसऱ्या संशोधकांनी येऊन पुन्हा नीट पाहिलं आणि २०२३ साली दाखवून दिलं की तो झडून गेलेल्या पोळ्याचा डाग आहे. मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञानंही ते मोकळेपणानं मान्य केलं. मुलांना मी म्हणते, एकदा पाहून ठरवू नका, परत येऊन पाहा, आणि दुसऱ्यानं नीट पाहिलं असेल तर त्याचं ऐका.

थर कसे ओळखायचे

इथे सर्वात जास्त वेळ द्या. चौथ्या क्रमांकाचा निवारा यासाठी उत्तम. त्याला झू रॉक, म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा खडक, म्हणतात आणि त्यावर साडेचारशेच्या आसपास आकृत्या आहेत. हरणं, गवे, म्हशी, हत्ती, माणसं, एकावर एक चढलेल्या. पहिल्यांदा नुसती गर्दी वाटते.

एकच जागा निवडा, जिथे दोन प्राणी एकमेकांना छेदतात. दुर्बीण लावा आणि जिथे दोन रेघा भेटतात तिथे बघा, कुठली सलग आहे आणि कुठली तुटलेली दिसते. सलग आहे ती वरची, म्हणजे नंतरची. वहीत दोन्ही आकृत्या काढा आणि त्यांना एक, दोन असे आकडे द्या. मग शेजारची तिसरी घ्या. अर्ध्या तासात त्या कोपऱ्याचा क्रम तुमच्या वहीत उतरतो, आणि मुलांना पहिल्यांदा कळतं की ही भिंत एका माणसाची किंवा एका पिढीची नाही. शेजारी मोकळा खडक असताना नंतरच्यांनी आधीच्यांच्या चित्रावरच चित्र काढलं. जागा नव्हती म्हणून असं झालेलं नाही. त्यांना तीच जागा हवी होती. मला हे त्या भिंतीवरचं सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं.

काळाचा अंदाज वस्तूंवरून घ्या. सुरुवातीच्या एका निवाऱ्यात पांढऱ्या रंगात हत्ती आहे आणि त्यावर बसलेल्या माणसाच्या हातात अंकुश आहे. अंकुश धातूचा, म्हणजे हे चित्र ऐतिहासिक काळातलं. घोड्यावरचे स्वार, ढाल-तलवारी दिसल्या की तेही उशिराचे. काटकुळी पण वेगानं पळणारी माणसं, धनुष्यबाण, नाचणाऱ्यांच्या रांगा, अंगावर जाळीची किंवा पट्ट्यांची नक्षी भरलेले प्राणी, ही बहुतेक मध्याश्मयुगातली, म्हणजे शेती येण्याआधीच्या शिकारी माणसांच्या काळातली.

वर्षांच्या आकड्यांबाबत सावध राहा. तिथे तुम्हाला कोणी तीस हजार सांगेल, कोणी लाख सांगेल. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. माणूस इथे राहत होता तो काळ फार मोठा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात एका निवाऱ्यात उत्खनन केलं, त्यात हातकुऱ्हाडींच्या, म्हणजे मुठीत धरायच्या दगडी हत्यारांच्या, काळापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकाखाली एक मिळाले. पण भिंतीवरच्या चित्रांचं वय त्यावरून आपोआप ठरत नाही. गेरूत कार्बन नसतो, त्यामुळे कार्बन-१४ पद्धत त्या रंगाला थेट लागू होत नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर चित्रांवर चढलेल्या चुन्याच्या थराचं युरेनियमवरून वय काढता आलं. तिथल्या एका गुहेत डुकराभोवती तीन माणसांसारख्या आकृत्या आहेत, ते चित्र निदान ५१,२०० वर्षांपूर्वीचं असल्याचं २०२४ साली जाहीर झालं. भीमबेटकाच्या चित्रांबाबत अभ्यासक शैली, थर आणि उत्खनन यांचा मेळ घालूनच बोलतात. आपलं जुनं आहे म्हणून अभिमान वाटावा, पण त्यासाठी आकडा फुगवायची गरज नाही. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची चित्रंही तितक्याच बारकाईनं बघण्यासारखी आहेत.

काय काढलेलं नाही, ते लिहा

वहीच्या एका पानावर फक्त "नाही" असा मथळा द्या. क्षितिज नाही. प्राणी ज्यावर उभे आहेत ती जमीन बहुधा नाही. डोंगर नाहीत, झाडं क्वचित. माणसांना चेहरे जवळजवळ नाहीत. प्राण्याचं अंग भरदार, शिंगांचा बाक अचूक, खूर ओळखू येणारे, आणि माणूस मात्र चार रेघांचा. ज्या हाताला शिंगांचा बाक जमतो त्याला माणसाचा चेहरा जमत नव्हता असं म्हणता येत नाही. त्यानं तो सोडून दिला. काय ठेवायचं आणि काय गाळायचं ही निवड आहे, आणि निवड करायची तर डोक्यात त्या प्राण्याचं काही एक सार ठरलेलं असावं लागतं.

आता याच्या उलट बाजू बघा. काही प्राण्यांच्या पोटात आतले अवयव काढले आहेत, रायसेन जिल्ह्यातल्या या परिसरात गाभण जनावराच्या पोटातलं पिल्लूही दिसतं. ते डोळ्यांना दिसणारं नव्हे, माहीत असलेलं. शिकार कापताना पाहिलेलं, लक्षात ठेवलेलं, आणि जिवंत उभ्या प्राण्याच्या आत मनानं परत ठेवलेलं. माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "आत्या, यांच्याकडे खोडरबर नव्हतं ना?" नव्हतं. म्हणूनच एकटाक रेघेकडे इतकं बघायचं. खडकावर दातून टेकवायच्या आधी प्राणी डोक्यात पूर्ण झालेला असायचा.

मग पंधराव्या क्रमांकाच्या निवाऱ्यापाशी या. वर मोठा, छत्रीसारखा खडक, आणि त्यावर डुकरासारखा एक अजस्र प्राणी. त्याला शिंगं आहेत. समोर एक छोटा माणूस पळतो आहे. वाटाड्या "बोअर रॉक है, मैडम" म्हणून पुढे निघेल. तुम्ही थांबा. असं जनावर या रानात कधीच नव्हतं. कोणीतरी डुकराचं शरीर आणि दुसऱ्याच कुणाची शिंगं एकत्र आणली, आकार खऱ्यापेक्षा अनेकपट वाढवला, आणि त्याच्यासमोर माणूस लहान केला. बघितलेल्या दोन गोष्टी तोडून तिसरी, अस्तित्वात नसलेली गोष्ट बनवणं, आणि ती दुसऱ्याला दाखवता येणं. जर्मनीत मॅमथच्या हस्तिदंतात कोरलेली सिंहाच्या डोक्याच्या माणसाची मूर्ती सापडली आहे, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची. तिथेही हेच घडलं आहे. आपल्याकडे नरसिंह, वराह, गणपती घराघरांत आहेत, म्हणून हे आपल्याला सहज वाटतं. ते सहज नाही. गोष्ट, देव, कायदा, पैसा, उद्याचा बेत, सगळं याच कुवतीवर चालतं.

गटातल्या मोठ्यांना मी इथे बसवते आणि पंधरा मिनिटं काही बोलत नाही.

वाट्यांसारखे खळगे

सभागृह गुहेतल्या मोठ्या शिळेवर चित्रं शोधू नका, तिच्या अंगावरचे गोल खळगे बघा. ते पाण्यानं झालेले नाहीत, दगडानं ठोकून केलेले आहेत. असे खळगे करून पाहणाऱ्या अभ्यासकांनी दाखवलं आहे की इतक्या कठीण खडकात एका खळग्याला हजारो घाव लागतात. काही संशोधक हे खळगे चित्रांच्या कितीतरी आधीचे, हातकुऱ्हाडींच्या काळातले मानतात, बाकीच्यांना ते पटत नाही. वाद चालू आहे. मी मुलांना बाजू घ्यायला सांगत नाही, फक्त मांडीवर मूठ आपटत शंभरपर्यंत मोजायला लावते. शंभर झाल्यावर विचारते, अजून किती वेळ कराल, आणि कशासाठी? ज्यानं काहीच उपयोग होत नाही अशा कामाला एवढा वेळ देणारा जीव आपल्या ओळखीचा वाटू लागतो.

"माणूस युरोपात शहाणा झाला" याला काय उत्तर द्यायचं

परतीच्या वाटेवर हा विषय निघतोच, कारण अनेकांनी शाळेत हेच वाचलेलं असतं. तेव्हा एवढं सांगा.

स्पेनमधल्या अल्तामिराची चित्रं १८७९ साली सापडली. तिथल्या विद्वानांनी ती खोटी ठरवली, "रानटी" माणसाला असं काढता येणारच नाही म्हणून. शोधणारे साउतुओला १८८८ साली वारले, आणि विद्वानांनी चूक कबूल केली ती १९०२ साली. आपल्याकडे विंध्यात, मिर्झापूरच्या बाजूला, आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी १८६७-६८ मध्येच शैलचित्रं पाहून त्यांच्या प्राचीनतेचा विचार केला होता. त्याची दखलही कोणी घेतली नाही. पुढे फ्रान्समध्ये लास्को, शोवे या चित्रगुहा सापडल्या, शोवेतली चित्रं तर छत्तीस हजार वर्षांपर्यंतची, आणि माणसाच्या बुद्धीला तिथेच एकदम बहर आला असं मांडलं जाऊ लागलं.

आज ते टिकत नाही. मोरोक्कोत आपल्याच प्रजातीच्या माणसाची सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची हाडं मिळाली आहेत. ब्लोंबोसमध्ये दगडाच्या एका कपचीवर गेरूच्या खड्यानं काढलेल्या रेघा आहेत, सहा सरळ आणि त्यांना तिरक्या छेदणाऱ्या तीन, ७३,००० वर्षांपूर्वीच्या. ही चित्रं, मणी, रंग अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या काळात, मागेपुढे दिसतात. बुद्धी एका सकाळी एका देशात उगवली असं नाही. ती वापरायची निमित्तं, एकत्र राहणारी माणसं, एकमेकांना शिकवण्याची सोय, हे जिथे जमून आलं तिथे खुणा उरल्या, आणि जिथे खडक किंवा हवा साथ देत नव्हती तिथल्या पुसल्या गेल्या. हे माझं मत आहे, पण पुरावा त्याच दिशेला जातो.

आणि मराठी घरात बोलत असाल तर पाटणे विसरू नका. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ. तिथे शं. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले आणि एका कवचाच्या तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची कोरलेली जाळी मिळाली, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. तेव्हा या भागात शहामृग होते. भीमबेटकालाही असे मणी मिळाले आहेत. इंदूरच्या अनेक मराठी घरांचं नातं खानदेशाशी आहे. आपल्या आजोळच्या मातीत कोणीतरी अंड्याच्या कवचावर जाळी कोरत बसलं होतं, हे मुलांना माहीत असायला हवं.

तिथे बसून एक तरी नक्कल करा

फोटो शंभर काढा, पण एक प्राणी हातानं उतरवून घ्या. यशोधर मठपाल यांनी १९७०च्या दशकात भीमबेटकाच्या चित्रांच्या नकला जागेवर बसून, जलरंगात केल्या. कॅमेरे तेव्हाही होते. नक्कल करताना हात त्या माणसाच्या वाटेनं जातो आणि डोळ्यांनी सोडलेलं पकडतो. एकच हरीण घ्या, वीस मिनिटं द्या. खडकाचा उंचवटा पोटासाठी वापरला आहे का बघा. पाय चार काढले आहेत की दोन, आणि मागचा पाय कुठे वळतो ते बघा. चित्र सुंदर यायची गरज नाही. शेजारी पेन्सिलीनं लिहा, निवाऱ्याचा क्रमांक, रंग, खाली कुठलं चित्र, वर कुठलं.

घरी आल्यावर फोटोंवर डीस्ट्रेच नावाची सोय वापरून बघा, फोनसाठीही मिळते. जॉन हार्मन यांनी ती शैलचित्रांसाठी बनवली. फिकट तांबडं इतकं ठळक होतं की मोकळ्या वाटलेल्या खडकावर अख्खी रांग उभी राहते. मात्र त्यात दिसणारे रंग खरे नसतात. रेघ तपासायला वापरा, रंगाची नोंद वहीतलीच धरा.

भोपाळच्या पुढे जाणं जमणार नसेल, घरात वयस्कर कोणी असेल, तर श्यामला हिल्सवरच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या आवारातच चित्रांचे निवारे आहेत. तिथे हेच सगळं करता येतं.

आणि पुढच्या हिवाळ्यात मंदसौर जिल्ह्यात भानपुऱ्याला जा. चतुर्भुज नाल्याच्या काठानं निवारे ओळीनं लागतात, त्यांत चाकाच्या गाड्या काढलेल्या आहेत. चाक दिसलं की काळाचा अंदाज कसा बांधायचा हे आता तुम्हाला माहीत आहे. त्याच भागात दराकी-चट्टानची अरुंद गुहा आहे, भिंतींवर पाचशेच्या वर खळगे असलेली. तिथे एकटे जाऊ नका, वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या, पाणी भरपूर ठेवा आणि मुक्काम भानपुऱ्याला करा. एका दिवसात इंदूरला परतायचा हट्ट धरलात तर सगळा वेळ गाडीतच जाईल.